बूटवाला तिरपा

नातीच्या लग्नाची पत्रिका छापायची म्हणून गेल्या महिन्यात मी नांदेडला वजिराबादेतल्या एका डीटीपीवाल्याकडे गेलो होतो. पत्रिका छापणं हे हल्ली छापणं राहिलेलंच नाही. एक विशीतला मुलगा काचेसमोर बसतो, आपण त्याच्या मागे प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसतो, आणि तो बोटं नाचवतो तसतशी आपली सोयरीक रंग बदलत जाते. मजकूर आमच्या घरात तीन आठवडे आणि दोन भांडणं होऊन नक्की झाला होता. मुलानं तो भराभर टाकला आणि मान न वळवता विचारलं, "आजोबा, नावं इटॅलिक करू का? भारी दिसतील."

माझ्या उत्तराची वाट न बघता त्यानं कळ दाबली. आमची नात, होणारा जावई, व्याही, विहीणबाई, मी स्वतः आणि माझ्या नावाखाली उभी असलेली आमची ही, सगळे एकदम उजवीकडे कलले. लोह्याच्या वळणावर एसटीनं गचका दिला की सगळी बस कलते ना, अगदी तसे.

"थांब!" मी इतक्या जोरात ओरडलो की शेजारी झेरॉक्स काढणाऱ्या बाईंची दोन पानं वाया गेली. "नावं तिरपी करू नकोस. सरळ कर आधी."

मुलानं घाबरून सरळ केली. पण पत्रिकेच्या डोक्यावर त्यानं हौसेनं दोन ओळी इंग्रजीही टाकल्या होत्या. त्या जाड होत्या, तिरप्या होत्या, आणि प्रत्येक अक्षराच्या पायात चौकोनी ठोकळा होता. "आणि हे?" त्यानं भीत भीत विचारलं. "हा रॉकवेल इटॅलिक आहे आजोबा."

"रॉकवेल असेल," मी म्हणालो. "आमच्याकडे त्याला बूटवाला तिरपा म्हणतात."

'आमच्याकडे' म्हणजे लातूरला, माझ्या मामाच्या छापखान्यात. मामाचा छापखाना गंजगोलाईच्या एका गल्लीत होता. गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात असं लातूरकर अभिमानानं सांगतात. मिळतात हे खरंच, पण नांदेडहून गेलेल्या भाच्याला त्यातला एकही रस्ता दोनदा सारखा दिसत नाही. मी दर उन्हाळ्यात मामाकडे जायचो, आणि पहिल्या दिवशी हमखास भलत्या रस्त्यानं बाहेर पडून भांड्यांच्या बाजारात निघायचो. मग कुणीतरी विचारायचं, "कुणाचा रे तू?" आणि मी सांगायचो, "छापखान्याचा." एवढ्यावर मला हाताला धरून पोचवत.

छापखाना म्हणजे एक ट्रेडल, एक कापणीचं यंत्र, भिंतीला लागून केसांची घोडी, आणि दोन कंपोझिटर. (केस म्हणजे डोक्यावरचे नव्हेत. खिळे ठेवायची, खणाखणांची लाकडी ट्रे. मामाच्या डोक्यावर काही नव्हतं, त्यामुळे घोटाळा होण्याचं कारण नव्हतं.) त्या घोडीच्या वरच्या फळीवर बारा पॉइंट, मग सोळा पॉइंट, मग सोळा पॉइंट ब्लॅक, अशी उतरंड होती. अगदी तळाला, जिथं वाकताना मामाची कंबर कुरकुरायची, तिथं दोन केसा होत्या. एक इंग्रजीची, एक मराठीची. दोन्ही तिरप्या. टाइप फाउंड्रीच्या एका गोडबोल्या एजंटानं मामाला त्या जोडीनं विकल्या होत्या. "राजाराणी आहेत शेठ, ताटातूट करू नका," असं तो म्हणाला होता म्हणे. मामाला कुणी शेठ म्हटलं की त्याचं व्यवहारज्ञान जागच्या जागी विरघळायचं.

त्यातला राजा, म्हणजे इंग्रजी, चालला. तोच बूटवाला तिरपा. लातूरच्या मोंढ्यातले अडते तूर विकायचे, करडई विकायचे आणि लेटरहेड मात्र इंग्रजीत छापायचे. 'जनरल मर्चंट्स अँड कमिशन एजंट्स' ही ओळ मामानं जन्मात इतक्यांदा जुळवली की त्याला इंग्रजी येत नसतानाही ती झोपेत उलटी म्हणता यायची. ती ओळ बहुधा बूटवाल्या तिरप्यातच असायची. एका अडत्यानं त्याचं कारण मला सांगितलं होतं. "उभं अक्षर म्हंजे दुकान उभंच हाय. तिरपं म्हंजे चालायलंय." त्याच्याच शेजारच्या गाळ्यातल्या दुसऱ्या अडत्यानं तसंच लेटरहेड छापून घेतलं आणि चार दिवसांनी सगळा गठ्ठा परत आणला. म्हणाला, "मामा, ह्ये कलंडलेलं कामून दिलाव? लोकं म्हणायलेत दिवाळं निघालं."

मला त्या वयात या अक्षराचं एकच कोडं पडायचं. एवढे जाडजूड बूट घालून, पाय जमिनीला घट्ट रोवून उभं राहायचं, आणि मग तिरपं कशाला व्हायचं? माणूस एक तर रोवून उभा राहतो, नाही तर झुकून पळतो. कलेक्टर कचेरीच्या दारातला शिपाई असा दोन्ही एकदम करताना मी पाहिला होता, पण त्याची कारणं वेगळी होती.

निवृत्तीनंतर वेळ मिळाला तेव्हा मी हे कोडं सोडवायला बसलो. देवनागरी मुद्रणावर बापूराव नाईकांचे इंग्रजीत तीन खंड आहेत, १९७१ साली निघालेले. ते उघडले, आणि मग एकातून दुसरं पुस्तक निघत गेलं. आमच्या घरात या काळाला 'खिळ्यांचं वर्ष' म्हणतात. त्या वर्षी मी दळण आणायला दोनदा विसरलो.

तर सांगायचं म्हणजे, तिरपेपणा आणि बूट ही दोन वेगळ्या घराण्यांची मुलं. तिरपेपणा थोरला. व्हेनिसमध्ये आल्डुस मानुत्सियुस नावाचा एक प्रकाशक होता. त्याला हातात मावतील अशी छोटी पुस्तकं काढायची होती. त्या काळचे तिकडचे विद्वान आणि कचेऱ्यांतले लेखनिक एक झरझर धावतं, किंचित कललेलं अक्षर लिहीत. त्या हस्ताक्षराचे खिळे आल्डुसनं पाडून घेतले आणि १५०१ साली व्हर्जिलचं पुस्तक त्यात छापलं. मौज म्हणजे त्यातली लहान अक्षरं तिरपी आणि मोठी अक्षरं ताठ उभी. घरातल्या सुना लगबगीनं कामाला लागल्यात आणि सासरे दाराशी ताठ उभे आहेत, असं ते पान दिसतं.

खिळे कोरले ते फ्रान्चेस्को ग्रिफो नावाच्या कारागिरानं. नाव मालकाचं झालं, परवाना मालकाला मिळाला, आणि हा बिचारा भांडून आपल्या बोलोन्या गावी गेला. तिथं १५१६ साली त्याच्यावर जावयाचा खून केल्याचा आरोप आला. लोखंडी कांबीनं म्हणे. ही हकीकत मी मामाला सांगितली तेव्हा मामा ऐंशीच्या घरात होता. त्यानं शांतपणे विचार केला आणि म्हणाला, "जावयानं पत्रिकेचं बिल दिलं नसंल."

बूट आले ते बरेच उशिरा. नेपोलियन १७९८ साली इजिप्तवर चालून गेला आणि परत आला तो इजिप्तचं वेड घेऊन. ते वेड इंग्लंडातही पसरलं. लंडनच्या भिंतींवर तेव्हा नाटकांच्या, लॉटरीच्या, औषधांच्या जाहिरातींची गर्दी झालेली. त्या गर्दीत लांबून दिसावं म्हणून १८१५च्या सुमारास व्हिन्सेंट फिगिन्स या टाइपवाल्यानं पायात ठोकळे असलेली ठसठशीत अक्षरं काढली. पुढे अशा अक्षरांना 'इजिप्शियन' हे नाव पडलं. इजिप्तशी त्यांचा संबंध काय? आपल्याकडच्या मद्रास हॉटेलचा मद्रासशी असतो तेवढाच.

मग १८४५ साली रॉबर्ट बेस्लीच्या फाउंड्रीनं त्यातलं जरा सभ्य रूप काढलं, क्लॅरेंडन नावाचं. साध्या मजकुरात एखादा शब्द ठळक दाखवायला ते उपयोगी पडे, शब्दकोशात तर फारच. त्यानं ते कायद्यानं तीन वर्षांसाठी नोंदवलं. तीन वर्षं संपली आणि सगळ्या फाउंड्र्यांनी ते उचललं. रॉकवेल त्यामानानं परवाचा, १९३४ सालचा.

या बुटांना एक व्यावहारिक अर्थ आहे, तो मला मामाच्या छापखान्यात आणि नांदेडच्या टायपिंग क्लासात कळला. नाजूक इंग्रजी टाइपाच्या पायाला केसासारखी बारीक रेघ असते. खरखरीत कागदावर, झिजलेल्या ट्रेडलवर, दहा हजार छापांनंतर ती रेघ तुटते किंवा उमटत नाही. बूट झिजतात, पण तुटत नाहीत. टाइपरायटरची गोष्ट आणखी निराळी. तिथं प्रत्येक अक्षराला जागा सारखीच, 'एम'ला तेवढीच आणि 'आय'लाही तेवढीच. मग काडीपैलवान 'आय'नं एवढी जागा भरायची कशी? त्याला लांब बूट घातले. क्लासात खडाखड बडवताना माझ्या ध्यानात आलं की हडकुळा माणूस मोठे बूट घालून मुलगी बघायला जातो त्यातला हा प्रकार आहे. मात्र आमच्या टाइपरायटरला तिरपं करता यायचं नाही. तिरपं हवं तिथं खाली रेघ मारायची आणि ते छापखान्यानं समजून घ्यायचं, असा इंग्रजी रिवाज.

आता माझं मूळ कोडं. बूट घातलेलं अक्षर तिरपं केलं तर काय होतं? खऱ्या इटॅलिकमध्ये अक्षर नुसतं कलत नाही, त्याचं रूपच बदलतं. इंग्रजी छोटा 'ए' उभ्या टाइपात दुमजली असतो, तो इटॅलिकमध्ये एकमजली होतो, कारण हातानं झरझर लिहिणारा माणूस माडी बांधत बसत नाही. पण बूटवाल्याला हे जमत नाही. हात वाहता ठेवायचा तर बूट काढावे लागतात, आणि बूट काढले तर तो बूटवाला राहात नाही. म्हणून बहुतेक बूटवाले इटॅलिक हे उभ्यालाच दहा-बारा अंशात कलवलेले असतात. माडीसकट, बुटांसकट. शिपायाचं कोडं असं सुटलं. तो पळत नव्हताच, कुणीतरी त्याला ढकललं होतं.

आणि आता राणीकडे येऊ. मामाची मराठी तिरपी केस.

तिला बूट नव्हते. देवनागरीला मुळात पायच नाहीत. इंग्रजी अक्षर जमिनीवर उभं राहतं, आपलं अक्षर शिरोरेघेला लोंबकळतं, दोरीवर वाळत घातलेल्या धोतरासारखं. इंग्रजांनी जो ठोकळा पायात घातला तो आपण जन्मापासून डोक्यावर घेतलाय. तेव्हा बूटवाल्या तिरप्याची जोडीदारीण करायची म्हणून त्या फाउंड्रीनं काय केलं असेल, तर शिरोरेघ चांगली जाड केली आणि खालचे काने उजवीकडून डावीकडे झुकवले. रेघ आडवीच राहिली. वाऱ्यानं दोरीवरची सगळी धोतरं एका बाजूला जावीत, तसं.

ते जुळवणं म्हणजे शिक्षा होती. आपल्या खिळ्यांत मात्रा, वेलांट्या, रफार डोक्यावर बसतात आणि उकार पायाशी. उभ्या टाइपात अनुस्वार बरोबर डोक्यावर बसतो. तिरप्यात तो थोडा पुढं सरकायला हवा आणि उकार थोडा मागं. नाहीतर टोपी एकीकडे आणि वहाणा दुसरीकडे, आणि मध्ये माणूस गोंधळलेला. शिवाय खिळ्याच्या चौकोनी अंगाबाहेर डोकावणारी वेलांटीची टोकं जरा धक्का लागला की मोडायची. मामाचे कंपोझिटर ती केस काढायला सांगितलं की बिडी ओढायला बाहेर जायचे.

आणि तिला गिऱ्हाईकही नव्हतं. मराठी माणसाला एखादा शब्द उठून दिसायला हवा असेल तर तो म्हणतो, "जाड करा." आणखी हवा असेल तर, "लाल करा." तिरपं करा असं म्हणणारा मी एकच पाहिला, तो म्हणजे मी. माझ्या लग्नात, १९७८ साली. इंग्रजी रिवाजाचं नवं ज्ञान डोक्यात होतं. पत्रिकेच्या मसुद्यात 'कृपया आहेर आणू नये' या ओळीखाली मी रेघ मारली. मामा भाच्याच्या कौतुकापोटी स्वतः तळाशी वाकला आणि ती ओळ तिरप्यात जुळवली. लग्नात आम्हाला लिंबू सरबताचे सात सेट आणि पाच भिंतीवरची घड्याळं आली. एका आत्याबाईंना मी पत्रिका दाखवली तेव्हा त्या म्हणाल्या, "अरे, मी वाचलं की. पण ते वाकडं लिहिलंय, म्हटलं मनापासून नसंल."

आत्याबाई चुकल्या नव्हत्या. आपल्याकडे तिरप्याला अर्थ का नाही, हे मला आजोबांमुळे कळलं, म्हणजे मामाच्या वडिलांमुळे. आजोबा निजामाच्या राज्यात वाढले. कचेरीचा कारभार उर्दूत. उर्दूचं नस्तालीक अक्षर तर जन्मजात तिरपं, उजवीकडून वरून निघून डावीकडे खाली घसरत येणारं. ते खिळ्यांत बसवणं इतकं अवघड की कातिबानं सुंदर अक्षरात लिहायचं आणि दगडावरून छापायचं, हीच रीत चालत राहिली. लिहून छापणाऱ्या कातिबांचा रोजगार अगदी १९८१ साली संगणकावरचं नूरी नस्तालीक येईपर्यंत ठीक होता.

पण आजोबा घरचा हिशेब मोडीत लिहायचे. आधी पानभर आडव्या रेघा ओढून घ्यायच्या, मग त्या रेघेला बोरूनं अक्षरं लटकावत, हात न उचलता, ओळ संपेपर्यंत जायचं. बाळबोध अक्षराकडे, म्हणजे आपण आज जे वाचतो त्या देवनागरीकडे, ते जरा दयेनं बघायचे. "ज्याला वेळ हाय त्यानं लिहावं," म्हणायचे.

आल्डुसनं धावत्या हाताचे खिळे पाडले. आपला धावता हात मोडी होता. म्हणजे आपलं खरं इटॅलिक मोडीच. आणि हे कुणाच्या डोक्यात आलंच नव्हतं असं नाही. विल्यम केरीनं बंगालात सेरामपूरला मोडीचे खिळे पाडून घेतले आणि १८१० साली त्याचा मराठी शब्दकोश मोडी टाइपात छापलासुद्धा. पण पुढे मुंबईत छापखाने वाढले ते बाळबोधीवर. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात पोरवयात खिळे घासायला राहिलेल्या जावजी दादाजींनी १८६९ साली निर्णयसागर काढला. राणोजी रावजी आरूंसारख्या कारागिराच्या हातचे ते सुंदर, गोल, ताठ खिळे गावोगाव गेले. जावजींचं नाव घेताना मामा कानाच्या पाळीला हात लावायचा. मोडी राहिली दप्तरात, आणि स्वातंत्र्यानंतर शाळेतूनही गेली. आमच्या आजोबांच्या वह्या आज आमच्यापैकी कुणालाच वाचता येत नाहीत. कुणाकडे किती येणं होतं हे न कळल्यामुळे काही घराण्यांशी आमचे संबंध चांगले राहिले आहेत.

तेव्हा आपल्याकडे धावतं अक्षर गेलं आणि उभं तेवढं उरलं. मग इंग्रजीत आहे म्हणून त्या उभ्यालाच ढकलून तिरपं केलं. त्याला काम काय द्यायचं ते कुणी ठरवलं नाही. मामाच्या घोडीत ती केस वीसेक वर्षं धूळ खात पडली. मामी म्हणायची, "त्यात निदान मसाले तरी ठेवू द्या."

३० सप्टेंबर १९९३. आदल्या रात्री गणपती बोळवून लोक उशिरा झोपले होते. पहाटे चारच्या आत किल्लारीचा भूकंप झाला. आम्ही नांदेडला जागे झालो, पण काय झालं ते उजाडल्यावर रेडिओनं सांगितलं. लातूर शहराचं किल्लारीकडच्या गावांच्या मानानं निभावलं होतं. मी अहमदपूरमार्गे दुसऱ्या दिवशी मामाकडे पोचलो. मामा-मामी धड होते. छापखान्यात मात्र वरच्या केसा घोडीतून निसटून खाली आल्या होत्या आणि फरशीवर पाऊण वीत खिळ्यांचा थर होता. असे खिळे मिसळले की छापखान्याच्या भाषेत 'पाय झाला' म्हणतात. मूळ शब्द इंग्रजी, पण त्या दिवशी मी तो मराठीच समजलो, कारण पाय ठेवायला जागा नव्हती.

मी रजा वाढवली आणि फरशीवर बसून खिळे निवडू लागलो. क वेगळा, ख वेगळा. तळाच्या दोन केसा मात्र जागच्या हलल्या नव्हत्या. वर्षानुवर्षं न उघडल्यामुळे लाकूड फुगून त्या घट्ट बसल्या होत्या.

दहाव्या की अकराव्या दिवशी एक माणूस आला. किल्लारीकडच्या एका गावचा. अंगातला शर्ट दुसऱ्याचा होता, हे बाह्यांवरून कळत होतं. तेराव्याचं पत्रक छापायचं होतं, शंभर प्रती. त्याच्या हातात कागद होता, कुणा मास्तरांनी लिहून दिलेला. अकरा नावं होती. तिकडची घरं दगडमातीच्या जाड भिंतींची, वर मातीचं माळवद. रात्री सगळे आत होते.

मामानं कागद वाचला. "यातले गेले किती?"

"आठ."

"मग त्यांची नावं वर घेऊ, कै. लावून. तुमची तिघांची खाली."

"नको," तो म्हणाला. "रेशनकारडावर जशी हायत तशीच ठिवा. आन् कै. लावू नका. ल्हानी दोन लेकरं हायत त्यात."

"मग पाव्हण्यांना कळणार कसं, कोण गेलं ते?"

तो काही बोलला नाही. कागदाकडे बघत राहिला. मामाही बराच वेळ बघत राहिला. मग उठला, तळाशी वाकला, ती फुगलेली केस हिसके देऊन देऊन बाहेर काढली आणि फुंकर मारून धूळ उडवली. कंपोझिटर अजून गावाहून आले नव्हते. मामानं स्वतः स्टिक हातात घेतली. अकरा नावं, रेशनकार्डाच्या क्रमानं. तीन सोळा पॉइंट उभ्यात, आठ तिरप्यात. दोन ठिकाणी वेलांटीची टोकं मोडलेली होती, ते खिळे बदलायला जास्तीचे नव्हते, तसेच राहिले.

प्रूफ काढून मामानं त्याच्या हातात दिलं. त्याला फारसं वाचता येत नसावं, कारण तो नावांवरून बोट फिरवत गेला, आणि तिरपं नाव आलं की बोट थांबायचं.

"निजल्यावाणी दिसायलेत," तो म्हणाला. मग म्हणाला, "आसंच ऱ्हाऊ द्या."

शंभर प्रती मीच ट्रेडलवर काढल्या. मामानं पैसे घेतले नाहीत. बांधणीच्या सुतळीचा हिशेबसुद्धा लावला नाही, आणि मामा सुतळीचा हिशेब लावायचा.

काम झालं की फर्मा सोडायचा आणि खिळे पुसून परत आपापल्या खणात टाकायचे, हा छापखान्याचा पहिला नियम. त्यावर मामानं कंपोझिटरांना आयुष्यभर शिव्या घातल्या. तो फर्मा मात्र सुतळीनं बांधलेला, रॅकवर तसाच राहिला. पुढं डीटीपी आलं, ऑफसेट आलं, ट्रेडल भंगारात गेलं, शिसं किलोवर गेलं. राजा गेला, तळाच्या राणीचे उरलेले खिळेही गेले. तेवढ्या अकरा ओळी मामानं एका बिस्किटांच्या डब्यात घालून ठेवल्या होत्या. मी एकदा विचारलं तर म्हणाला, "सोडायचं राहून गेलं." मामा गेल्यावर तो डबा नांदेडला माझ्याकडे आला. उलटी अक्षरं मला अजून पटकन वाचता येत नाहीत, आरसा धरावा लागतो. आमची ही डबा पुसते, पण उघडत नाही.

हे सगळं मी त्या डीटीपीवाल्या मुलाला सांगितलं नाही. त्याला सहा पत्रिका करायच्या होत्या आणि बाहेर दोन व्याही ताटकळत होते.

"नावं उभीच ठेव," एवढंच म्हणालो.

"का हो आजोबा? तिरपी मस्त दिसत होती."

"मला वाचायला त्रास होतो."

"आणि वरचं इंग्रजी? तेही सरळ करू?"

"नको, तो राहू दे तिरपा. त्याच्या पायात बूट आहेत."

त्यानं माझ्याकडे बघितलं, मग शेजारच्या झेरॉक्सवाल्या बाईंकडे बघितलं. मी बिल तिथल्या तिथं चुकतं केलं, आणि होणाऱ्या नातजावयाला फोन करून सांगितलं की पत्रिकेचे पैसे मी दिलेत, त्यानं काही काळजी करू नये.